खान्देशात सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) म्हणून जॉईन होताय? पहिल्या काही महिन्यांत काय काय करायचं

बीएस्सी नर्सिंग झालं, कम्युनिटी हेल्थचा सहा महिन्यांचा कोर्स झाला (नवीन सिलॅबसवाल्यांना तो डिग्रीतच आला), ऑर्डर हातात पडली आणि आता धडगाव नाहीतर यावल नाहीतर साक्री तालुक्यातलं कुठलंतरी उपकेंद्र मॅपवर शोधताय, तर हे तुमच्यासाठी आहे. बीएएमएस करून सीएचओ झालेल्यांनाही बरंचसं लागू पडेल, पण मी नर्सिंगवाली आहे म्हणून त्याच बाजूने लिहितेय.

बाहेरच्या देशात साधारण अशाच कामाला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून पहिला कोर्स काढला, कारण गरीब आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे नर्स प्रॅक्टिशनरचे कोर्स आहेत, क्रिटिकल केअरचा आणि मिडवाईफरीचा, पण गावात त्या धाटणीचं काम करतो तो सीएचओ. २०१८ ला आयुष्मान भारत सुरू झालं, उपकेंद्रांची हेल्थ अँड वेलनेस सेंटर झाली, २०२३ च्या शेवटी त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. गावात मात्र अजून सगळे दवाखानाच म्हणतात आणि तुम्हाला डॉक्टरीणबाई. ते डॉक्टरीणबाई गोड वाटतं, पण पाटीवर, शिक्क्यावर, व्हॉट्सॲपच्या नावात कुठेही नर्सिंगवाल्यांनी डॉ. लावू नका.

माझ्या मते हे सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं, समोरचा पेशंट आपल्या टेबलावर थांबणार की पुढे जाणार, आणि पुढे पाठवला तर तो पोचला का. बाकीचं खाली लिहिलंय ते त्याच्यासाठीच.

पायरी १ : जॉईन व्हायच्या आधी कागद

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना ते बघा, दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्याला सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या ट्रेनिंगचे) तास लागतात, त्यामुळे ट्रेनिंगचं प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवा. एनआरटीएस या नर्सेसच्या नोंदणी पोर्टलवरचा एनयूआयडी (तुमचा ओळख) नंबर पण काढून ठेवा. जॉईनिंग रिपोर्ट दिला की त्याच्यावर आवक नंबर टाकून पोच घ्या, तोंडी "दिला ना मॅडम कालच" ला ऑफिसात किंमत नाही. नोकरी एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची), म्हणजे कंत्राटी, करार पुन्हापुन्हा नव्याने होतो. फिक्स पगार २५ हजार आणि कामगिरीवर मिळणारा मोबदला जास्तीत जास्त १५ हजार अशी रचना आहे. घरी सांगताना ४० सांगू नका, २५ सांगा, कारण वरचे १५ इंडिकेटरवर असतात आणि ते उशिराने पडतात. ईएमआय पण २५ धरूनच घ्या.

पायरी २ : माणसं

पहिल्या आठवड्यात ओपीडीपेक्षा हे महत्त्वाचं. उपकेंद्रात आधीपासून एएनएम (आरोग्यसेविका) असते, बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षं तिथेच काढलेली, गावातल्या निम्म्या पोरांच्या डिलिव्हरी तिच्या हातच्या, आणि आता अचानक चोवीस वर्षांची मुलगी येऊन खुर्चीवर बसते आणि तिचं पद वर. राग येणारच. तुम्ही आल्या आल्या रजिस्टर मागितलं की संपलं. आधी त्यांना घेऊन गाव फिरा, सिस्टर म्हणा नाहीतर ताई म्हणा पण नावाने हाक मारू नका, आणि लसीकरणाच्या दिवशी त्यांच्या हाताखाली काम करा. आशाताईंचं तर विचारूच नका, तुमचं अर्धं काम त्यांच्या पायांवर चालतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म (बीपी, शुगर, कॅन्सर अशा आजारांचा धोका बघायचा) त्याच भरतात, त्यात स्कोअर चारच्या वर गेला की तो माणूस आधी तपासायचा. आशांचे पैसे कुठल्या कामाचे कधी निघतात हे समजून घ्या आणि त्यांचे क्लेम वेळेवर सही करून पाठवा, एवढं केलं तरी त्या तुमच्यासाठी पाड्यापाड्यावर फिरतील.

पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओ म्हणजे मेडिकल ऑफिसर सरांना किंवा मॅडमना पहिल्याच आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि विचारून घ्या, रात्री फोन केला तर चालेल का, कोणत्या केसला आधी फोन करायचा आणि कोणत्या केसला सरळ पाठवायचं. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडीताई हे आहेतच, जन आरोग्य समितीच्या मीटिंगमध्ये भेटतील. भगताला पण भेटा. हसू नका, त्याच्याकडे पेशंट तुमच्या आधी जातो, आणि साप चावल्यावर "माझं करून झालं, आता बाईकडे ने" एवढं जरी तो लवकर म्हणाला तर जीव वाचतो.

भाषा शिका. अहिराणी येत नसेल तर "काय व्हयनं, कथं दुखस" (काय झालं, कुठे दुखतंय) एवढ्यापासून सुरू करा, अक्कलकुवा-धडगावकडे पावरी आणि भिलोरी लागेल, तिथे आशाताई दुभाषी. पण बाईच्या अंगावरून जाण्याबद्दल किंवा मारहाणीबद्दल विचारताना दुभाषी म्हणून तिची सासू नको.

पायरी ३ : आपली हद्द

नॅशनल मेडिकल कमिशन कायदा २०१९ च्या कलम ३२ मध्ये कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे. ते कुठेतरी वाचून कोणी म्हणतं की आता आपण पण प्रिस्क्रिप्शन लिहू शकतो. थांबा जरा. ती तरतूद वेगळी, तुमची ऑर्डर वेगळी. तुम्ही औषध देता ते ठरलेल्या ट्रीटमेंट प्रोटोकॉलमधलं, उपकेंद्राच्या यादीतलं, किंवा डॉक्टरांनी ई-संजीवनीवर (व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवायची सरकारी सोय) लिहून दिलेलं. बीपी-शुगरची गोळी सुरू करायची डॉक्टरांनी, महिन्याच्या महिना ती देत राहणं, मोजत राहणं आणि बिघडलं की परत डॉक्टरांना दाखवणं हे आपलं.

खरं प्रेशर येतं ते सलाईनचं. "बाई, हातपाय गळी ऱ्हायनात, सलाईन लाई द्या" हे तुम्हाला आठवड्यातून कितीदा ऐकू येईल याची गणती नाही, आणि नाही म्हटलं की माणूस समोरच्या बोगस डॉक्टरकडे जाऊन पैसे देऊन लावून येतो आणि वर गावात सांगतो की सरकारी बाईला काही येत नाही. तरी लावू नका. त्याऐवजी बसवा, बीपी बघा, शुगर बघा, हिमोग्लोबिन बघा, आकडा त्याला दाखवा. आकडा दाखवला की निम्मे लोक शांत होतात, हा माझा अनुभव. अँटिबायोटिकचं पण तेच, सर्दीला देऊ नका. घरी प्रायव्हेट प्रॅक्टिसचा विचार तर अजिबात नको, परवाना नाही आणि काही झालं तर पाठीशी कोणी उभं राहणार नाही.

पायरी ४ : ओपीडी, साध्या गोष्टी नीट

बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं बसू द्या. चालत आलेला माणूस, तोंडात तंबाखू, बाहीवरून गुंडाळलेला कफ आणि वरून १६० आला म्हणून घाबरवायचं, असं चालतं बऱ्याच ठिकाणी. हात टेबलावर हृदयाच्या लेव्हलला, दोनदा घ्या. १४०/९० किंवा वर परत परत येत असेल तर डॉक्टरांकडे. १८०/११० च्या वर आणि सोबत डोकं दुखणं, छातीत दुखणं, अंधारी, तर लगेच. रँडम शुगर १४० किंवा वर आली तर ती फक्त संशय धरा, पक्कं करायला पीएचसीला पाठवा, गावात "याला शुगर निघाली" असं जाहीर करू नका. तोंड उघडून बघायचा कंटाळा करू नका, गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुड्या टपरीवर आहेतच, त्यामुळे पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं हे सापडतं, टॉर्च हातात पाहिजे.

लहान मुलाचा श्वास मोजायचा पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०, याच्या बरोबर किंवा वर म्हणजे फास्ट. छाती आत ओढली जात असेल, पीत नसेल, झटका आला असेल तर इथे थांबवायचं नाही. जुलाबाला ओआरएस आणि १४ दिवस झिंक, सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०. चौथ्या दिवशी जुलाब थांबले की आई झिंक बंद करते, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

आहाराचा सल्ला देताना पुस्तकातला ओट्स-सॅलड सांगाल तर कोणी ऐकणार नाही. इथे बीपी वाढवतं ते लोणचं, पापड, शेवभाजी, खारवलेलं. शुगरवाल्या आप्पांना आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि पुरणपोळी खाऊच नका म्हटलं तर ते पुढच्या महिन्यात गोळीलाच येणार नाहीत, अर्धी वाटी रस आणि एकच पोळी म्हणा. कळण्याची भाकरी चांगली आहे, ती खा म्हटलं की आनंदाने खातात.

पायरी ५ : रेफर कसं करायचं

"मोठ्या दवाखान्यात जा" हे रेफरल नाही. चिठ्ठीवर काय सापडलं, किती वाजता, काय दिलं, कशासाठी पाठवतोय आणि कुठे, हे पाचही लिहा आणि कार्बन कॉपी किंवा फोटो स्वतःकडे ठेवा. कुठे काय मिळतं हे आधीच माहीत पाहिजे, कोणत्या ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर असतात, सिझेरियन कुठे होतं, रक्त कुठे मिळतं. धडगाव-मोलगीकडून नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय म्हणजे घाट उतरून काही तास, शिरपूर-साक्रीकडून धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज, रावेर-यावलकडून जळगावचं. १०८ बोलवा, गरोदर बाई आणि बाळंतिणीला १०२. पाड्यावर गाडी पोचत नाही तिथे अजून झोळी करूनच आणतात, म्हणून सातपुड्यात पावसाळ्याच्या आधी नवव्या महिन्यातल्या बायकांची यादी काढून त्यांना रस्त्याजवळच्या नातेवाईकाकडे आणून ठेवायचं बोलणं आधीच करावं लागतं, आणि ते सासऱ्याशी करावं लागतं. दुसऱ्या दिवशी फोन करा, पोचली का, काय झालं. हा फोन कुठल्या पोर्टलवर मोजला जात नाही, पण गाव तेवढ्यावरच तुमच्यावर विश्वास ठेवतं.

ई-संजीवनी चांगली गोष्ट आहे, फक्त डॉक्टर लाईनवर आल्यावर हिस्टरी विचारायला बसू नका. बीपी, पल्स, तापमान, चालू गोळ्या, ॲलर्जी सगळं आधी लिहून ठेवा, नेटवर्क दोन मिनिटांत जातं.

पायरी ६ : सीझनप्रमाणे तयारी

हे जरा सविस्तर लिहिते कारण कोर्समध्ये असं कोणी शिकवत नाही.

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि केळीच्या बागेत, वीटभट्टीवर काम थांबत नाही. नुसता थकवा, घाम, चक्कर असेल तर सावली, ओआरएस, आराम. पण अंग तापलेलं, ताप १०४ च्या पुढे आणि माणूस बरळतोय किंवा शुद्ध नाही, तर तो उष्माघात, आधी थंड करायचं आणि मग गाडी, कपडे काढा, पाणी ओता, पंखा लावा, बगलेत-मानेला बर्फ. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, नातेवाईक नक्की घालतात, लक्ष ठेवा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

पाऊस सुरू झाला की साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार लक्षात ठेवायचे, आपल्याकडची लस या चौघांसाठीच आहे. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, बांगड्या-जोडवी-अंगठी काढा, हात किंवा पाय फळी लावून हलू देऊ नका, चावल्याची वेळ लिहा आणि जिथे लस आणि डॉक्टर दोन्ही आहेत तिथेच पाठवा, मधे दोन ठिकाणी थांबायला नको. मण्याराचं वेगळं सांगते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोट दुखतंय म्हणतो, थोड्या वेळाने गिळता येत नाही, पापण्या जड होतात, अंगावर चावल्याची खूण पण नसते. पावसाळ्यात अशा पोटदुखीला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवू नका. पापण्या बघा.

कापसावर फवारणी सुरू झाली की विषबाधा, श्वासातून आणि कातडीतून सुद्धा. घाम, लाळ, उलट्या, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर. कपडे उतरवा, साबणाने धुवा (स्वतः ग्लोव्हज घालून), कुशीवर झोपवा, मिठाचं पाणी पाजून उलटी करू देऊ नका, डबा किंवा बाटली सोबत पाठवा म्हणजे तिथल्या डॉक्टरांना औषध कळतं. प्यालेलं असो की फवारताना झालेलं, केस मेडिकोलीगल आहे, "पोलिसात नका सांगू बाई" म्हणून हात जोडतील, तुम्ही फक्त जे दिसलं ते वेळेसकट लिहा आणि एमओंना कळवा. कारण काय असेल यावर रजिस्टरमध्ये अंदाज लिहू नका.

पायरी ७ : सिकल सेल, आणि तोंड बंद ठेवणं

नंदुरबार, आणि धुळे-जळगावचा सातपुड्याकडचा भाग मिळाला असेल तर सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हे रोजचं काम. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची असं त्यात आहे. आपल्याकडे सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या टेस्टला सँपल. सोल्युबिलिटीवरून वाहक (ज्याला स्वतःला आजार नाही, पण मुलांना देऊ शकतो) आहे की रुग्ण ते कळत नाही, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत काही बोलू नका. रुग्ण असलेल्या मुलाला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखण्याचा झटका आला की पाणी, ऊब, वेदनाशामक आणि लवकर रेफर. रक्त कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्या सरसकट देऊ नका, सिकलच्या रुग्णात आधी डॉक्टरांना विचारायचं, फॉलिक ॲसिड चालतं. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी सुरू केलेलं असेल तर ते खंड न पडता मिळतंय का हे बघणं तुमचं.

आता नाजूक भाग. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, हे समजावून सांगायचं ते ज्याचं त्याला, बंद दाराआड. कॅम्पमध्ये रिपोर्ट वाटताना मोठ्याने नाव आणि पॉझिटिव्ह ओरडलं की त्या मुलीची सोयरीक मोडते, आणि वाहक मुलगी तर पूर्ण धडधाकट असते. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावाची यादी टाकू नका, कोणी वरून मागितली तरी ग्रुपवर नाही.

दुसरी नाजूक गोष्ट, अठराच्या आतली गरोदर मुलगी. येईल, नक्की येईल, आणि सोबतचे वय एकोणीस सांगतील. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. तुम्ही एकटीने ठाण्यात पळत जायची गरज नाही, त्याच दिवशी एमओंना लेखी कळवा आणि पुढची कारवाई झाली का ते विचारत राहा. तिची तपासणी मात्र थांबवायची नाही, हिमोग्लोबिन, बीपी, नोंदणी सगळं करा, तिला ओरडू नका. गर्भपाताचा निर्णय आणि प्रक्रिया फक्त नोंदणीकृत डॉक्टरची, २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर अशा वेळी डॉक्टरला पोलिसांना तिची ओळख द्यायची गरज नाही. हे माहीत असलं तर भीतीपोटी घरच्या घरी गोळ्या खाणाऱ्या मुलीला तुम्ही दवाखान्यापर्यंत आणू शकता.

पायरी ८ : जाणाऱ्या-येणाऱ्यांची वही

पोर्टलवर सगळं असतं पण एक साधी वही ठेवाच. दिवाळी झाली की नंदुरबारकडची कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, बीपीच्या गोळ्या अर्ध्यावर, बाळाची लस अर्ध्यावर, टीबीचा कोर्स अर्ध्यावर. दसऱ्यापासूनच आशांकडून यादी काढा, एमओंशी बोलून जास्त दिवसांच्या गोळ्या द्या, कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये काढून द्या, टीबीवाल्याचा निक्षय नंबर (टीबीच्या सरकारी पोर्टलवरचा) हातात लिहून द्या म्हणजे तिकडे औषध मिळतं. होळीला बरेचजण परत येतात, त्या आठवड्यात सुट्टी मागू नका. केळी पट्ट्यात सालदारांचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या मजुरांचं) साल आखाजीला बदलतं, काल तुमच्या गावात असलेला पेशंट उद्या दुसऱ्याच गावच्या मळ्यात असतो. आणि आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यात गरोदर असतील तर आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा) मागा, सासरच्या सिस्टरला फोन करा, दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्वच्या तपासणीला पाठवा. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळ्यांवर ठेवायचं नाही, पुढे.

पायरी ९ : टार्गेट

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. महिना संपत आला की वरून मेसेज येतात, अमुक स्क्रीनिंग बाकी, तमुक आयडी बाकी, संध्याकाळपर्यंत शंभर टक्के करा. मग कोणीतरी हळूच सांगतं, १२०/८० टाका ना सगळ्यांना. टाकू नका. न मोजलेला बीपी टाकलात आणि त्या माणसाला पुढच्या आठवड्यात लकवा झाला तर लॉगिन तुमचं आहे. कमी झालं तर कमी दाखवा, सोबत दोन ओळींचं कारण लेखी द्या, नेट नव्हतं, स्ट्रिप संपल्या, गाव स्थलांतरित आहे. स्ट्रिप संपायच्या आधी मागणी लेखी द्या आणि ई-औषधी पोर्टलवरचा स्टॉक कपाटाशी महिन्यातून एकदा जुळवा. मोबदला थोडा कमी येईल त्या महिन्यात, तो येऊ द्या. तुमचं लॉगिन-पासवर्ड दुसऱ्या कोणालाही देऊ नका, "मी भरून देतो मॅडम" म्हणणाऱ्याला तर नाहीच.

सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, हे रोज बघा, बाकी कचऱ्याचे रंग भिंतीवर लावलेले असतात.

पायरी १० : स्वतःची काळजी

उपकेंद्रात एकटीने राहायचं असेल तर पहिल्याच दिवशी कडी, लाईट, पाणी बघा आणि नसेल तर ग्रामपंचायतीला लेखी द्या. रात्री दार वाजलं तर आधी खिडकीतून विचारा, सोबत आशाताई किंवा पोलीस पाटलांना फोन लावून मगच उघडा. दारू पिऊन कोणी धिंगाणा घातला, अंगावर आलं, तर महाराष्ट्रात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र. "जाऊ द्या मॅडम, गावातलाच आहे" म्हणून मिटवायला सांगतील, तरी एमओंना आणि टीएचओंना (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) त्याच दिवशी लेखी कळवून ठेवा.

प्रोफेशनल इंडेम्निटी इन्शुरन्स (कामावरून कोणी दावा केला तर त्यासाठीचा विमा) नर्सेससाठी पण मिळतो, घेऊन टाका. सुट्टीवर जाताना अर्ज द्या, फोनवरची परवानगी पुरेशी धरू नका, आणि वहीतली ती यादी, कोण रेफर केलंय, कोणाचा रिपोर्ट यायचाय, कोणाची गोळी संपतेय, सिस्टरच्या हातात देऊन आणि तोंडी समजावून मगच बसमध्ये बसा.